वडिलांच्या नावे निधी: स्वतःचा न्यास काढावा की चालत्या संस्थेत ठेव ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वडील कराड तालुक्यातील एका गावी प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पश्चात आपण दोघे भाऊ आणि अमेरिकेत स्थायिक झालेली बहीण मिळून दहा लाख रुपये त्यांच्या नावे गावाकडच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवू इच्छिता, आणि त्यासाठी कुटुंबाचा स्वतंत्र न्यास नोंदवावा की एखाद्या संस्थेकडे रक्कम सोपवावी, हे आपणांस ठरवायचे आहे. गेली तीसहून अधिक वर्षे मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा, वाचनालये, वसतिगृहे आणि देवस्थाने यांचे हिशेब तपासतो. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वतःचा न्यास काढू नका. चालत्या संस्थेत ठेव ठेवा, मात्र ठेवीबरोबर द्यायच्या पत्रावर निदान आठ दिवस विचार करा, कारण निधी पुढे चालतो की नुसता ताळेबंदात पडून राहतो हे रकमेइतकेच त्या पत्रातील चार ओळींवर अवलंबून असते.

प्रथम न्यासाविषयी. सार्वजनिक न्यास नोंदवायचा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज, न्यासपत्र, विश्वस्तांची संमतिपत्रे, आणि त्यानंतर पॅन, बँक खाते, आयकर खात्याकडील नोंदणी व देणगीदारांना सवलत मिळावी म्हणून वेगळी मान्यता. हे सगळे एकदाच करायचे असते तर मी विरोध केला नसता. पण हिशेब दरवर्षी तपासून द्यावे लागतात, विवरणपत्र भरावे लागते, आयकराच्या मान्यता मुदतीच्या असल्याने त्यांचे नूतनीकरण करावे लागते, आणि एखादा विश्वस्त वारला, राजीनामा देऊन गेला किंवा बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. आपल्या दहा लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला पासष्ट हजार रुपये व्याज येईल असे धरू. लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि धावपळ यांवर काटकसरीनेही वीसेक हजार जातात. म्हणजे वडिलांच्या नावच्या व्याजातील जवळजवळ तिसरा हिस्सा माझ्यासारख्या माणसाच्या फीत जाणार. हा सल्ला माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, एवढे आपण लक्षात घ्यावे.

खर्चापेक्षा मोठी अडचण माणसांची असते. कौटुंबिक न्यास पहिली आठ-दहा वर्षे उत्साहाने चालतो; मग भाऊ निवृत्त होतो, पुतणे बंगळूरला जातात, आणि गावच्या कार्यक्रमाला पुण्याहून कोण जाणार यावर घरात फोनाफोनी सुरू होते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा काढला तर पाचांपैकी तीन विश्वस्त केव्हाच दिवंगत झालेले असतात, त्यांच्या जागी कोणाचीही नोंद झालेली नसते, आणि बँक ‘नोंदीवरील विश्वस्तांच्या सह्या आणा’ म्हणून ठेवीचे पैसे देत नाही. असे न्यास मी किती पाहिले ते मोजलेले नाही, पण दर वर्षी त्यात एखाद-दुसऱ्याची भर पडते. ज्यांच्याकडे पन्नास लाखांहून अधिक रक्कम आहे आणि कुटुंबातील निदान दोन माणसे त्याच तालुक्यात राहून काम पाहणार आहेत, त्यांनी न्यासाचा विचार करावा. आपल्याबाबतीत यातले काहीच नाही.

दुसऱ्याच्या चालत्या कामात आपले पैसे घालणे ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपये दिले ते अण्णासाहेब कर्व्यांनी चार वर्षांपूर्वी सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला. स्वतःचे नवे विद्यापीठ त्यांनी काढले नाही, आणि तरीही त्यांच्या आईचे नाव आजतागायत त्या विद्यापीठाच्या (एसएनडीटी) नावात आहे. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती परीक्षेला जोडलेली होती. १९१२ साली मॅट्रिकला ती पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली, आणि त्यामुळे तिचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे ती वाढली त्यात मोठ्या देणग्यांबरोबर मुष्टिफंडाचाही वाटा होता. घरातल्या बाईने दळायला बसण्याआधी मूठभर धान्य वेगळे काढायचे आणि ते गोळा करून वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी द्यायचे, ही ती पद्धत. तिच्यात मुद्दल असे काही नव्हतेच. रोजची सवय हेच मुद्दल होते. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण आपल्या निधीच्या रचनेत त्याचा उपयोग आहे.

आता ठेवीकडे येऊ. ‘कायम ठेव’ या शब्दातील ‘कायम’ने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. मी ज्या एका वसतिगृहाचे हिशेब पाहतो तिथे तिथीभोजनाच्या ठेवींची जुनी वही आहे: लाल कापडी बांधणी, प्रत्येक पानावर देणगीदाराचे नाव, तिथी, ज्यांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव, आणि शेवटी ‘दरवर्षी या दिवशी सर्व विद्यार्थ्यांस गोड जेवण द्यावे’. १९८८ मधले एक पान पाहा. ठेव पाच हजारांची, तेव्हाचे व्याज दहा टक्के, म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. चाळीस मुलांना शिरा-पुरीचे जेवण त्यात आरामात होत होते. आज त्याच पाच हजारांवर सव्वातीनशे रुपये येतात आणि तेच जेवण चोवीसशेच्या खाली होत नाही. संस्था काय करते? भिडेखातर जेवण घालते आणि उरलेले दोन हजार स्वतःच्या पदरचे टाकते, किंवा फळ्यावर नाव लिहून रोजचीच आमटी-भाकरी वाढते. देणगीदाराच्या नातवाला पोस्टकार्ड मात्र नेमाने जाते. शाळांतील बक्षिसांचे तर विचारूच नका: गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला एक्कावन्न रुपये, आणि ते ज्या प्रमाणपत्राबरोबर द्यायचे त्याच्या छपाईलाच साठ रुपये.

यात कोणाची लबाडी नाही. व्याज सगळे वाटून टाकायचे आणि मुद्दल होते तेवढेच ठेवायचे, ही अट देणगीदारानेच घातलेली असते. महागाई वाढते, व्याजाचे दर उतरतात, आणि वीस-पंचवीस वर्षांत निधी नावापुरता उरतो. म्हणून आपल्या पत्रात पहिली ओळ अशी असावी की दरवर्षीच्या व्याजाचा एक तृतीयांश भाग मुद्दलात मिळवावा आणि उरलेले दोन तृतीयांशच खर्च करावे. आपल्या रकमेत हे साधारण वीस हजार आणि पंचेचाळीस हजार असे पडते. पहिल्या वर्षी पाचऐवजी तीनच मुलांना मदत होईल हे खरे, पण मुद्दल दर साल दोन टक्क्यांनी चढत राहील. महागाईला ते पुरते तोंड देणार नाही. तरीही काहीच न मिळवण्यापेक्षा फरक मोठा पडतो. इथे संस्थेत ठेव ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. धर्मादाय न्यासाला आयकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी पंच्याऐंशी टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते, एरवी ती साठवण्यासाठी वेगळी कागदपत्रे करावी लागतात. आपल्या छोट्या न्यासाला एक तृतीयांश व्याज मागे ठेवताना हा नियम आडवा आला असता. वसतिगृह किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेचा एकूण खर्चच इतका असतो की आपल्या वीस हजारांनी तिथे काही बिघडत नाही.

सगळे दहा लाख ठेवीत अडकवू नयेत, असेही मी सुचवीन. सात लाख मुद्दल म्हणून द्यावेत आणि तीन लाख पाच वर्षांत थेट खर्चासाठी. अशा रीतीने पहिल्या पाच वर्षांत सात लाखांच्या व्याजातून तीस हजार आणि थेट खर्चाचे साठ हजार, मिळून नव्वद हजारांच्या आसपास रक्कम दरवर्षी मुलांपर्यंत जाईल, गावात निधीची ओळख होईल, आणि वडिलांचे जुने विद्यार्थी, जे आज चाळिशी-पन्नाशीत असतील, त्यांना त्यात भर घालावीशी वाटेल. मुष्टिफंडाचा मुद्दा तो हाच. गुरुजींच्या पन्नास विद्यार्थ्यांनी वर्षाला प्रत्येकी हजार रुपये दिले तर ते सात लाखांच्या पुऱ्या व्याजाहून अधिक होतात. त्यासाठी पत्रात एवढेच लिहावे लागते की या निधीत इतर कोणासही केव्हाही भर घालता येईल. ही ओळ नसल्यामुळे ‘हा त्यांच्या घरचा निधी आहे’ म्हणून गावकरी दूर राहिल्याचे मी पाहिले आहे.

पैसे कशावर खर्च व्हावेत याबद्दल आपण ‘दहावीत पहिल्या येणाऱ्यास शिष्यवृत्ती’ असे सुचवले आहे. कृपया ते सोडून द्या. पहिल्या आलेल्या मुलाला बँक, पतसंस्था, ज्ञातिमंडळ आणि आमदार असे सगळे सत्काराला बोलावतात. त्याच्या घरी शाली ठेवायला जागा नसते. त्याचप्रमाणे सरकार जे आधीच देते त्यासाठीही निधी नको. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास शासनाच्या योजनेतून मोफत आहे, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ झाले आहे. घोडे अडते ते त्याच्या पुढेमागे. प्रवेशाची यादी लागल्यावर चार दिवसांत भरायची अनामत, खाणावळीचे पहिल्या दोन महिन्यांचे पैसे, परिचर्या (नर्सिंग) अभ्यासक्रमाचा गणवेश, आयटीआयच्या मुलाची हत्यारांची पेटी, शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती खात्यावर जमा होईपर्यंतचे सहा-आठ महिने. पंधरा हजार रुपये जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आले तर मुलगी शिकते, आणि तेच डिसेंबरच्या समारंभात पाकिटातून मिळाले तर तोवर तिचे लग्न ठरलेले असते. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. पुण्यात १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीचा सारा व्याप खेड्यातून आलेल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय या एका गोष्टीभोवती उभा राहिला, तो उगाच नाही. त्याही आधी वार लावून जेवणारी मुले शिकली, ती फी माफ झाली म्हणून नाही, कोणाच्या तरी घरी मंगळवारचे पान वाढलेले होते म्हणून.

म्हणून उद्दिष्ट रुंद लिहा, पण वेळ अरुंद ठेवा. मी अलीकडे कुटुंबांना जो मसुदा देतो त्याचा गाभा असा आहे:

‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत (कॉर्पस) जमा करावी. तिच्या व्याजाचा एक तृतीयांश भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा. उरलेल्या रकमेतून तालुक्यातील गरजू विद्यार्थ्यांना दहावीनंतरच्या कोणत्याही शिक्षणासाठी, प्रवेशाच्या काळात, शक्यतो ३१ जुलैपूर्वी मदत द्यावी. निधीत इतरांसही भर घालता येईल. हे उद्दिष्ट पुढे निरुपयोगी ठरल्यास संस्थेच्या विश्वस्त मंडळाने ठराव करून त्याच्या जवळच्या शैक्षणिक कामासाठी व्याज वापरावे.’

यातील पहिले वाक्य आयकरासाठी आवश्यक आहे, कारण देणगीदाराने लेखी सांगितल्याशिवाय रक्कम कॉर्पस म्हणून धरली जात नाही आणि ती त्या वर्षीचे साधे उत्पन्न ठरते. शेवटचे वाक्य अनेकांना नकोसे वाटते. आपल्या माघारी आपली इच्छा कोणी बदलावी हे पचत नाही. पण ते नसेल तर बंद पडलेल्या शाळेतील ‘सातवी फायनलला पहिला’ या बक्षिसाचे पैसे दुसरीकडे वळवण्यासाठी धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयापर्यंत जाण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पंधरा हजारांच्या ठेवीसाठी त्या वाटेने कोणी जात नाही. ठेव तशीच पडून राहते.

निवड कोणी करावी? कुटुंबातील एका व्यक्तीला निवड समितीत बसता येईल एवढे पत्रात ठेवावे, निर्णयाचा अधिकार मात्र संस्थेकडे असू द्यावा. भाऊबंदांतील मुले लाभार्थी नसावीत. आपल्या काकांनी सुचवल्याप्रमाणे ‘आपल्याच समाजातील मुलांसाठी’ ही अट घालू नये. विशिष्ट जात किंवा धर्माच्या लोकांपुरत्या काढलेल्या संस्थेच्या देणगीवर करसवलत मिळत नाही (अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांचा अपवाद आहे), आणि ते बाजूला ठेवले तरी प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी वर्गात कोणाला वगळून शिकवले नव्हते.

संस्था कशी पारखावी, हे थोडे विस्ताराने सांगतो. कार्यालयात जाऊन मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागा. धर्मादाय नियमांतील परिशिष्ट आठच्या नमुन्यात डाव्या बाजूला न्यास निधी आणि इतर विशेष निधी यांची यादी असते. तिथे पूर्वीच्या देणगीदारांचे निधी नावानिशी दाखवले आहेत का, आणि त्यांची बेरीज उजव्या बाजूच्या ठेवींशी जुळते का, ते पाहा. डावीकडे निधी चाळीस लाखांचे आणि उजवीकडे ठेवी अकरा लाखांच्या, असे दिसले तर बाकीचे पैसे इमारतीत किंवा पगारांत गेले आहेत असे समजावे. अशा संस्था वाईटच असतात असे नाही, अनुदान उशिरा आले की पगार कशातून तरी द्यावे लागतात. पण आपली ठेवही त्याच वाटेने जाईल. नंतर नोंदवहीचा उतारा मागा आणि त्यावरील विश्वस्तांची नावे व प्रत्यक्ष खुर्चीवरची माणसे एकच आहेत ना, हे बघा.

ठेवी कुठे आहेत हेही विचारा. एक टक्का जास्त व्याजाच्या मोहाने आमच्या भागातील एका वाचनालयाने आपले सगळे निधी एका पतसंस्थेत ठेवले होते. ती बुडाली तेव्हा त्यांची तपासणी माझ्याकडेच होती. मी दोन वर्षे शेरा लिहीत होतो आणि चिटणीस दोन्ही वर्षे ‘चेअरमन आपलेच आहेत’ असे सांगत होते. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते, आणि आयकराच्या दृष्टीने ती न्यासासाठी मान्य गुंतवणूकही नसते. सहकारी बँकेला विमा असतो, पण ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख अशी आहे (त्याआधी ती एक लाखच होती), आणि संस्थेच्या नावावरील सगळ्या निधींची मिळून ती एकच मर्यादा धरली जाते. प्रत्येक निधीची वेगळी पावती असली म्हणून प्रत्येकाला वेगळे पाच लाख मिळत नाहीत, हे बऱ्याच चिटणिसांना ठाऊक नसते.

करसवलतीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. जिला सगळे जुन्या कलम ८०जी वरून एटी-जी म्हणतात ती सवलत अशा संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर आणि एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत मिळते. आणि आपण नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही. दोन हजारांपेक्षा अधिक रोख दिल्यास त्यावरही सवलत नाही, म्हणून सारे पैसे धनादेशाने किंवा बँकेतून द्यावेत. संस्थेने आपली देणगी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदवून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यायचे असते. साधी छापील पावती आता पुरत नाही. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा कोणी जुना क्रमांक छापलेली पावती दिली तर नवी मागून घ्यावी.

राहिला बहिणीच्या वाट्याचा प्रश्न. त्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही आणि संस्था ती घेऊ शकते. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) असले तरी, ती रक्कम विदेशी अंशदान ठरते. ते स्वीकारण्यासाठी संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असावे लागते. तालुक्याच्या संस्थांकडे हे बहुधा नसते. ‘बहिणीने भावाला भेट द्यावी आणि भावाने ती आपल्या नावाने संस्थेला द्यावी’ ही वाट आपणांस कोणीतरी सुचवील. नातेवाइकाकडून भेट घेण्यास कायद्याची आडकाठी नाही हे खरे, पण ती भेट देणगीसाठीच आहे असे घरच्या संदेशांत लिहून ठेवून ती पुढे सरकवणे म्हणजे संस्थेला विनाकारण चौकशीच्या तोंडी देणे होय, आणि चौकशी आली तर ती आपल्याला नाही, तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या तिथल्या लिपिकाला निस्तरावी लागते. त्यापेक्षा मुद्दल आपण दोघा भावांनी उभे करावे. बहिणीने सुटीवर आल्यावर निवड समितीत बसावे, अर्ज वाचावेत, निवडलेल्या मुलींशी वर्षभर फोनवर बोलत राहावे. परिचर्येला गेलेल्या मुलीला इंग्रजीतून अर्ज कसा लिहायचा हे सांगणारे माणूस तालुक्यात सहसा मिळत नाही.

संस्था ठरली की पत्राचा मसुदा त्यांच्या विश्वस्त मंडळासमोर ठेवून तो ठरावात शब्दशः उतरवून घ्या, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्यावरच धनादेश द्या. आणि शक्य असेल तर हे एप्रिल-मेमध्ये उरका, म्हणजे व्याज सुरू होण्याची वाट न पाहता थेट खर्चाच्या रकमेतून याच जुलैला पहिल्या मुलांच्या अनामती भरता येतील.